सुगिहारांची कौनासची नेमणूक

वकिलातीची नोकरी म्हणजे बदल्यांची नोकरी. जपानचे चिउने सुगिहारा हार्बिन, हेल्सिंकी, प्राग, बुखारेस्ट असे पुष्कळ फिरले. पण आपल्या लोकांस ठाऊक आहे ते लिथुआनियातील कौनास, जेथे ते जेमतेम वर्षभर होते. १९४० च्या जुलैत पोलंडहून पळालेले यहुदी त्यांच्या दारी येऊन उभे राहिले. क्युरासाओ या डच बेटाचा शेरा डच कॉन्सल झ्वार्टेनडाइक यांनी मारून दिला होता. हवा होता तो जपानमार्गे जाण्याचा व्हिसा. पैसा व पुढचा मुक्काम पक्का नसेल त्यास देऊ नये, असे टोकियोने बजावले. सुगिहारा तरीही महिनाभर हाताने व्हिसे लिहीत राहिले. यादीत दोन हजारांवर नोंदी आहेत, आणि एकेका व्हिशावर कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरिया ओलांडून जपानच्या त्सुरुगा बंदरास लागली.

१९४७ साली त्यांस नोकरी सोडावी लागली. सरकारने नोकरकपातीचे कारण दिले; घरच्यांस ते पटले नाही. मध्ये सात वर्षे नोकरी चालूच होती, म्हणून आम्ही निकाल देत नाही. वाचलेल्यांनी त्यांचा पुष्कळ शोध केला. पण उच्चारास सोपे म्हणून त्यांनी आपले नाव 'सेम्पो' सांगितले होते, आणि त्या नावाचा कोणी परराष्ट्र खात्यास सापडेना. अखेर १९६८ साली टोकियोतील इस्रायली वकिलातीत काम करणाऱ्या, त्यांच्याच व्हिशावर वाचलेल्या एका गृहस्थाने त्यांस गाठले.