रंगभूमीवरील कीचक

गंगाखेड, जिंतूर, पाथरी अशा परभणी जिल्ह्यांतील गांवीं हरिकीर्तनास बसणाऱ्या श्रोत्यांना कीचक कोण हें सांगावें लागत नाहीं. विराटाच्या घरीं अज्ञातवास कंठणारे पांडव, सुदेष्णा राणीची सैरंध्री झालेली द्रौपदी, तिच्यावर पापदृष्टि ठेवणारा राजाचा मेहुणा, आणि नृत्यशाळेच्या अंधारांत त्याचा चुराडा करणारा बल्लव, हीं सारीं मराठी मनांत पिढ्यान् पिढ्या घर करून आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां नाटककाराचें निम्में काम व्यासांनीं आधींच करून ठेवलें होतें.

असाच एक कीचक सात वर्षांपूर्वीं रोम शहरीं गात गात अवतरला होता. पुच्चिनी या संगीतकाराचें ‘टोस्का’ हें साद्यंत गाऊन करावयाचें शोकान्त नाटक १४ जानेवारी १९०० रोजीं तेथें प्रथम झालें. टोस्का ही गायिका, तिचा प्रियकर चित्रकार, आणि त्याला फांसांत धरून तिच्या शीलाची मागणी करणारा पोलिसांचा मुख्य अधिकारी स्कार्पिया. टोस्का त्याला सुरीनें भोसकते. परंतु त्याचें कपट त्याच्या मरणानंतरही जिवंत राहतें. चित्रकार गोळ्यांना बळी पडतो आणि ती किल्ल्यावरून उडी घेते. कथा १८०० सालची, म्हणजे शंभर वर्षांमागची. तरीही पहिल्या रात्रीं नाट्यगृहांत बॉम्ब फुटणार अशी आवई उठली होती.

खाडिलकरांना इतिहासाचा आडपडदाही नको होता. त्यांना पुराण पुरलें. ते टिळकांच्या ‘केसरी’तले. वंगभंगाची १९०५ सालची जखम ओली होती. उन्मत्त कीचकांत लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रींत हिंदभूमि दिसली, युधिष्ठिरांत मवाळ व भीमांत जहाल दिसले. ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’च्या प्रयोगांस येणाऱ्या प्रेक्षकांना ही फोड कोणी करून द्यावी लागली नाहीं. मात्र हें नाटक केवळ रूपकाचें कोडें असतें तर कोडें सुटतांच विरून गेलें असतें. त्याचा प्राण कीचकाच्या उद्दामपणांत नसून भावाभावांच्या वादांत आहे. युधिष्ठिर भित्रा नव्हे. अज्ञातवास उघडा पडला तर पुन्हां बारा वर्षें वनवास, ही त्याची भीति खरी आहे. आणि त्या खऱ्या भीतीपुढें द्रौपदीचा आक्रोशही तितकाच खरा आहे.

सरकारची पंचाईत येथेंच होती. बंगाली रंगभूमीवरील उपहासामुळें १८७६ सालीं केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा हाताशीं होता. राजद्रोह चेतविणारें नाटक त्यानें बंद करतां येई. परंतु महाभारतांतील एका दुष्टाचा वध राजद्रोह कसा ठरावा? तो कीचक म्हणजे आमचाच व्हाइसरॉय, असें सरकारनें स्वतः मान्य केल्यावांचून तो ठरत नव्हता. जें खाडिलकरांनीं एका शब्दानेंही उच्चारलें नव्हतें, तें बंदी घालणाऱ्यांना गृहीत धरावें लागलें. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं तर आपल्या १९१० सालच्या ग्रंथांत या रूपकाची पानें भरून उकल केली. याच चिरोलवर टिळकांनीं पुढें लंडनांत अब्रूनुकसानीची फिर्याद लावली व १९१९ सालीं ती हरले.

ब्रिटिश मुलुखाबाहेर तरी रंगमंच मोकळा होता काय? परभणी निजामाच्या राज्यांत. तेथें हुकूम निराळे असले तरी धाक तोच होता. १९२९ सालच्या गश्ती क्रमांक ५३ नें सभा भरविण्यास पूर्वपरवानगी लागूं लागली, आणि गणेशोत्सव, मेळे, वाचनालयें यांच्या आडून लोकांस बोलावें लागलें. पुराणाच्या आडून बोलणें ही त्यांस नवी विद्या नव्हती.

पुण्या-मुंबईकडे मात्र घटना झपाट्यानें घडल्या. टिळक १९०८ सालीं मंडालेस गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या झाडल्या. नाटकगृह आणि राजसत्ता एकमेकांस इतकीं जवळ भिडलीं तीं एका निरुपद्रवी सामाजिक नाटकाच्या रात्रीं! पुढच्याच महिन्यांत ‘कीचकवधा’वर बंदी आली.

खाडिलकरांची लेखणी थांबली नाहीं. १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीनें त्यांचें ‘संगीत मानापमान’ केलें. आणि भीमाची गर्जना लिहिणाऱ्या हातांतून आतां बालगंधर्वांच्या भामिनीचीं पदें आलीं. त्याच ‘मानापमाना’चा १९२१ सालीं बालगंधर्व व केशवराव भोंसले यांनीं मिळून प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठीं. या गाण्यांस बंदी घालण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

‘कीचकवधा’वरील बंदी १९२६ सालीं उठली. लॉर्ड कर्झन त्याच्या आदल्या वर्षीं वारला होता.