निळे ओठ आणि लाल दिवा

सप्टेंबर १९१८. अमेरिकेत बॉस्टनजवळची कॅम्प डेव्हन्स ही लष्करी छावणी. तिथल्या एका डॉक्टरने मित्राला लिहिलेलं पत्र साठेक वर्षांनी, १९७९ मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. फ्लूच्या पेशंटचं त्यातलं वर्णन वाचून अंगावर काटा येतो. अ‍ॅडमिट झाल्यावर दोनेक तासांत गालाच्या हाडांवर महोगनी लाकडाच्या रंगाचे डाग. मग कानापासून सुरू होऊन चेहराभर पसरत जाणारा निळसर रंग. शेवटी गोरा कोण आणि काळा कोण हेही ओळखू येईना.

इंग्लंडमधल्या लष्करी डॉक्टरांनीही हेच पाहिलं. त्यांनी या रंगाला एका जांभळ्या फुलावरून हेलिओट्रोप सायनोसिस असं नाव दिलं. ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाच्या १९२० सालच्या अहवालात तर अशा चेहऱ्यांची रंगीत चित्रं आहेत. कोणत्या छटेचा पेशंट कुठवर पोचलाय हे डॉक्टरांना कळावं म्हणून. म्हणजे बघा मंडळी, दवाखान्यातला कुठला पेशंट गंभीर होणार हे ओळखायचं शंभर वर्षांपूर्वीचं मॉडेल म्हणजे चक्क एक शेड कार्ड!

आणि मॉडेल अचूक होतं. गडद जांभळा रंग चढलेले बहुतेक जण वाचत नसत. पण उपयोग शून्य, कारण उत्तर यायचं तेव्हा करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. असं का, याचा पुरावा १९४७ मध्ये मिळाला. कॉमरो आणि बोटेल्हो या दोघांनी धडधाकट माणसांना कमी ऑक्सिजनची हवा दिली आणि निरीक्षकांना विचारलं, निळेपणा दिसला की सांगा. बहुतेकांना तो नक्की दिसेपर्यंत रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास घसरलेला होता. ९५ ते ८० हा सगळा उतार डोळ्यांना दिसतच नाही, आणि माणूस वाचवायची वेळ नेमकी तीच असते.

ही आंधळी जागा भरून काढली ती एका इंजिनिअरने. (हे लिहिताना कॉलर थोडी ताठ झाली आहे, समजून घ्या.) जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले ताकुओ आओयागी खरं तर वेगळ्याच कामावर होते. रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायचं. पण नाडीच्या ठोक्यांमुळे ग्राफ सारखा थरथरायचा. हा नॉइज घालवायला त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश घेऊन वजाबाकी जुळवली. जमलंही, फक्त ऑक्सिजन कमी-जास्त झाला की गणित बिघडायचं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. आओयागींच्या लक्षात आलं की गणित बिघडतंय म्हणजेच ऑक्सिजन मोजला जातोय! हाड, कातडी, शिरा यांतून येणारा प्रकाश स्थिर असतो, थरथरतं ते फक्त धमनीतलं रक्त. तेवढाच भाग उचला, लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशाचं गुणोत्तर काढा, झालं. 'बग नाही, फीचर आहे' हे वाक्य मी आयुष्यात हजारदा ऐकलंय, पण ते खरं असल्याचं हे दुर्मिळ उदाहरण. साल १९७४. मिनोल्टाचा पेटंट अर्जही त्याच सुमारास, महिन्याभराच्या फरकाने आला.

इकडे डॉक्टर मंडळी स्कोर बनवत होती. २००३ मध्ये आलेला कर्ब-६५ सगळ्यात सुटसुटीत. भ्रम, रक्तातला वाढलेला युरिया, श्वासाचा वेग, कमी ब्लडप्रेशर आणि वय ६५ च्या पुढे. प्रत्येकाला एक गुण, बोटांवर मोजता येईल असा. गंमत बघा, या पाचांत ऑक्सिजन नाहीच! न्यूमोनियाच्या नेहमीच्या, बऱ्यापैकी वयस्कर पेशंटवर तो नीट चालायचा. पण २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला (भारतातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यातला, ऑगस्टमधला) आणि या विषाणूने गाठलं ते तरुणांना. तिशीतला माणूस, भ्रम नाही, बीपी ठीक, स्कोर शून्य किंवा एक. म्हणजे 'घरी जा' म्हणणारा स्कोर, आणि पेशंट आयसीयूत. मॉडेल ज्या डेटावर घडलं तो डेटाच बदलला होता.

२०२० मध्ये तर मॉडेल्सचा पूर आला. वूहानमधल्या ४८५ पेशंटवरून रक्ताच्या तीन चाचण्यांचं एक देखणं मशीन लर्निंग मॉडेल मे महिन्यात प्रसिद्ध झालं. अचूकता ९० टक्क्यांच्या वर. दुसऱ्या देशांतल्या पेशंटवर चालवलं तर घसरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये अशा २२ मॉडेल्सची ४११ पेशंटवर परीक्षा घेतली गेली. निकाल काय? तब्येत बिघडणार का, हे सांगण्यात साध्या ऑक्सिजनच्या आकड्याला आणि मृत्यूचा धोका सांगण्यात नुसत्या वयाला एकही मॉडेल सातत्याने मागे टाकू शकलं नाही. ब्रिटनचा फोर-सी स्कोर ३५,४६३ पेशंटवर बेतलेला होता आणि तो बरा टिकला, पण त्याच्या आठ घटकांत हे दोन आहेतच. आओयागी त्याच वर्षी १८ एप्रिलला वारले, ऐन साथीत.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेतलेली टीम दारोदार फिरली. सरकारी मोहिमांना नावं ठेवायची आपली सवय असली, तरी ही कल्पना शंभर टक्के बरोबर होती. उलट २०२१ च्या लाटेत व्हॉट्सअ‍ॅपवर "एचआरसीटी स्कोर किती?" हीच चौकशी. २५ पैकी ९, २५ पैकी १५, जणू युनिट टेस्टचे मार्क. सौम्य लक्षणांत सीटी काढू नका, असं एम्सच्या संचालकांना मे महिन्यात जाहीरपणे सांगावं लागलं.

पण लाल दिव्यालाही कातडीचा रंग अडतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ऑक्सिमीटरचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी शेजारी ठेवून पाहिली. मशीन ९२ ते ९६ दाखवतंय आणि खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा घडलं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. कॅम्प डेव्हन्सच्या डॉक्टरला जे डोळ्यांनी ओळखू येत नव्हतं, ते मशीनलाही गडद बोटावर नीट कळत नाही. चूकही घातक दिशेची, आकडा खऱ्यापेक्षा चांगला. कुणाला बेड द्यायचा हे त्या आकड्यावर ठरत होतं.

अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की एका आकड्यावर विसंबू नका, तोच आकडा वेळेनुसार कसा बदलतोय ते बघा. वेगवेगळ्या रंगाच्या जास्त लोकांवर चाचणी करूनच यंत्र बाजारात आणा, असं सांगणारा मसुदा यायला मात्र जानेवारी २०२५ उजाडला. तुमच्या कपाटात पडलेला ऑक्सिमीटर त्याच्या आधीचा असणार. धडधाकट असताना एकदा बोट घालून आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवा. आणि सेल बदला, दोन वर्षांत गळले असतील.