भिंतीआडची लीग

१९६३ साली पश्चिम जर्मनीत बुंडेसलिगा सुरू झाली, तेव्हा तिच्याखाली पाच प्रादेशिक लीग आल्या. चौघींना विस्तीर्ण प्रदेश लाभले; पाचवीच्या, म्हणजे 'रेगिओनाललिगा बर्लिन'च्या वाट्याला मात्र अर्धेच शहर आले. १९६१च्या भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये यायला बाहेरचे खेळाडू नाखूश असत. त्यांना नियमाबाहेर पैसे मोजल्याबद्दल १९६५मध्ये हेर्था क्लबला बुंडेसलिगातून वगळण्यात आले. पण बर्लिनचे नाव तिथे राहणे राजकीयदृष्ट्या अगत्याचे होते. म्हणून या दुय्यम लीगमधल्या 'टास्मानिया १९००'ला वर बसवले गेले. ३४ सामन्यांत विजय २, केलेले गोल १५, स्वीकारलेले १०८.

या आकड्यांना आपण हसतो, तेव्हा एक गोष्ट विसरतो: या संघाला तिथे गुणवत्तेने नेले नव्हते, प्रतीकाच्या गरजेने नेले होते. १९७३मध्ये तो क्लब दिवाळखोरीत गेला. पुढच्याच वर्षी पाचही लीग मोडून द्विविभागीय दुसरी बुंडेसलिगा आली. प्रतीकांचे ओझे कोण वाहते, हे समजण्यासाठी आपल्याला विजेत्यांच्या यादीखालचा इतिहासही वाचावा लागतो.