शिपायाच्या मनाचा घाव

तुटलेला हात गावाला दिसतो. मन मोडले तर आपल्या जंगलगावांत ‘बाहेरबाधा’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या दुखण्याला ‘शेलशॉक’ नाव पडले.

१९७७ साली आपल्या देशातल्या एका शिपायाला स्किझोफ्रेनिया ठरवून सैन्यातून काढले. अपंगत्वाचे पेन्शन नाकारले. सशस्त्र दल न्यायाधिकरणातही दाद लागली नाही. अखेर २०१३ मध्ये, तीन तपांनी, सर्वोच्च न्यायालयाने त्याची फेरतपासणी करायला लावली.

त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ सांगितला: भरतीवेळी रोगाची नोंद नसेल, तर गडी निरोगीच आला असे धरावे, संशयाचा फायदा त्यालाच.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या गुरुजींनो, माजी सैनिकाच्या पेटीतले भरतीचे नि सुटकेचे कागद एकदा वाचून द्या. कोरी राहिलेली जागाही साक्ष देते.