खर्जातला माणूस

बेस गिटार वाजवणाऱ्याला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. पहिला मित्रांचा, "काय रे, दोन तारा तुटल्या का?" दुसरा नातेवाइकांचा आणि तो जास्त लागतो: "सगळं छान झालं, पण त्यात तू नक्की काय वाजवत होतास?" आमच्या हौशी बँडच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर मला तो विचारला जातो. (मामी, हे तुम्हाला उद्देशून नाही. बरं, थोडंसं आहेच.)

उत्तर म्हणून मी हल्ली एक गाणं लावतो. टेम्प्टेशन्स या अमेरिकन गायकांचं १९६४ सालचं 'माय गर्ल'. सुरुवातीला ना गाणं, ना गिटार, ना ड्रम. फक्त बेस. तीन सूर, परत तेच तीन सूर. मग गिटार येते, आणि तोवर तुमचं डोकं डोलायला लागलेलं असतं. ते वाजवणारा जेम्स जेमरसन. गाणं जगभर वाजलं, पण वाजवणाऱ्याचं नाव तबकडीवर कुठेच नव्हतं.

जेमरसनकडे जाण्याआधी वाद्याबद्दल थोडं. १९५० पर्यंत बँडमधला खर्ज म्हणजे डबल बेस, माणसाहून उंच असं उभं वाद्य. गाडीच्या टपावर बांधून न्यायचं आणि इतकं करून ट्रंपेट-ड्रमच्या गदारोळात ऐकूच यायचं नाही. त्यावर लोकांनी नाना उपाय केले. एव्हरेट हल नावाच्या बेसवादकाने वाद्याच्या खालच्या टेकूत, म्हणजे 'पेग'मध्ये, मायक्रोफोन बसवला. या 'अँप्लिफाइड पेग'वरूनच पुढे अँपेग कंपनीचं नाव पडलं. १९३०च्या दशकात सिअॅटलच्या पॉल टटमार्कने पडदे असलेला, आडवा धरायचा विजेवरचा बेस बनवलाही होता, पण तो चालला नाही.

चालला तो लिओ फेंडरचा. हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. चार तारा, चौतीस इंच लांबी, गिटारपेक्षा एक सप्तक खाली. आणि दांडीवर पडदे. डबल बेसला पडदे नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. इथे पडद्यामागे बोट ठेवलं की सूर बिनचूक, म्हणून नाव 'प्रिसिजन'. जुन्या वादकांनी नाकं मुरडली. पेटी आली तेव्हा आपल्याकडच्या बुजुर्गांनी मुरडली होती, साधारण तशीच. पण हे वाद्य खांद्याला अडकवता येत होतं आणि शेवटच्या रांगेत ऐकू जात होतं. काम झालं.

तर जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा. १९५४ साली आईपाठोपाठ डेट्रॉइटला आला आणि तिथल्या शाळेत डबल बेस शिकला. मोटारींच्या कारखान्यांचं ते शहर. त्याच शहरात बेरी गॉर्डीने १९५९ साली घरच्यांच्या सामायिक शिलकीतून (आपली भिशीच म्हणा ना) ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक साधं दुमजली घर, त्यात मागच्या बाजूला स्टुडिओ. वायरींचा एवढा गुंता की वादक त्याला 'स्नेकपिट', सापांचा खड्डा म्हणायचे. रात्री क्लबात जॅझ वाजवणारी दहा-बारा मंडळी तिथे येऊन गाण्यांमागून गाणी उरकत. स्वतःला ती 'फंक ब्रदर्स' म्हणवून घेत.

जेमरसन आधी डबल बेस वाजवायचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने फेंडर हातात घेतला, पण हात डबल बेसचाच राहिला. आम्हा लोकांना पहिल्या दिवशी शिकवतात ते तर्जनी-मध्यमा, तर्जनी-मध्यमा. हा पठ्ठ्या फक्त तर्जनीने वाजवायचा. बाकीची बोटं पिकअपवरच्या चकचकीत झाकणावर टेकलेली. त्या एका बोटाला साथीदार 'द हुक' म्हणत. त्याचा १९६२ सालचा प्रिसिजन बेसही तसाच हट्टी. तारा जाड, सपाट गुंडाळीच्या आणि दांडीपासून इतक्या उंच की दुसऱ्याची बोटं भरून यावीत. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही. बोटांचा मळ तारांवर बसला की आवाजाला गोलाई येते असं त्याचं मत. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंज असायचा, त्यामुळे सूर रेंगाळत नसे. थप्प करून लागायचा आणि जागा सोडायचा.

हे मी स्वतः करून पाहिलंय. महिनाभर एकाच बोटाने वाजवलं. वेग येत नाही असं नाही, पण प्रत्येक सुराचं वजन सारखं पडतं आणि बोट एका तारेवरून दुसरीवर घसरताना आपोआप एक झोका तयार होतो. दोन बोटांच्या शिस्तीत तो हरवतो. अर्थात झोका आला म्हणजे जेमरसन आला असं नव्हे. त्याआधी बेसवादकाचं काम म्हणजे स्वराचा पाया धरून 'धम्-धम्' चालत राहणं. जेमरसन सम सांभाळून मधल्या जागांत हिंडायला लागला. समेच्या किंचित आधी यायचा, मधले कोमल-तीव्र सूर चाटून जायचा, गायक थांबला की दोन शब्द बोलून घ्यायचा. फोर टॉप्सचं १९६७ सालचं 'बर्नाडेट' ऐका. त्या बेसला वेगळं गाणं म्हणता येईल, आणि तरी मुख्य गाण्याला त्याचा धक्का लागत नाही. आपल्याकडे चांगला तबलजी ठेका धरून जे करतो, ते.

आता हे लोकांना ऐकू कसं जायचं? बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. त्या काळच्या ट्रान्झिस्टरच्या किंवा मोटारीतल्या स्पीकरला तो झेपणं शक्यच नाही. पण त्याच सुराचे वरचे स्वनित स्पीकरमधून येतात आणि त्यांवरून आपला मेंदू खालचा हरवलेला सूर भरून काढतो. मोटाउनमध्ये याची जाण होती. तिथे गाणं पक्कं करण्याआधी छोट्या स्पीकरवर वाजवून बघत. बेसची वायर अँप्लिफायरला न जोडता थेट रेकॉर्डिंगच्या टेबलात घातली जाई, म्हणजे सूर स्वच्छ. थोडक्यात, लोकांना तो ऐकू जात होता. कोणाचा, ते कळत नव्हतं.

कारण मोटाउन आपल्या तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसे. आपले वादक दुसऱ्यांनी पळवू नयेत, हेही त्यामागे असणार. दुसरीकडे वाजवलं तर दंड होता, तरी ही मंडळी जायचीच. जॅकी विल्सनचं 'हायर अँड हायर' १९६७ साली शिकागोत दुसऱ्याच कंपनीसाठी झालं, त्यात जेमरसन आणि त्याचे साथीदार आहेत.

आपण यावर फार नाक वर करायचं कारण नाही. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आयुष्यं घातली. पंचमच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ किती जणांना ठाऊक आहेत? घरातल्या जुन्या एल.पी.ची पाकिटं उलटून पाहा. संगीतकार, गीतकार, गायक. वादकांची यादी बहुधा नाहीच. असो.

१९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर वादकांची नावं छापली गेली आणि जेमरसनच्या नावाआधी 'अतुलनीय' अशा अर्थाचं विशेषणही. त्या गाण्याबद्दल एक किस्सा सांगतात. गेने त्याला रात्री क्लबातून शोधून आणला, तेव्हा तो इतका प्यायलेला होता की बसवेना, म्हणून जमिनीवर उताणा पडून त्याने वाजवलं. खरं-खोटं असो. दारूचा भाग मात्र खरा होता आणि तोच पुढे त्याला भोवला.

वर्षभराने, १९७२ साली, मोटाउनने डेट्रॉइटचा गाशा गुंडाळला आणि कंपनी लॉस एंजेलिसला गेली. फंक ब्रदर्स मागे राहिले. जेमरसन मात्र कंपनीमागोमाग गेला. तिथे १९७३ साली त्याचं मोटाउनशी असलेलं नातं संपलं. तोवर फॅशन बदलली होती. टणटणीत तारा आल्या होत्या, लॅरी ग्रॅहमसारखे लोक अंगठ्याने तार ठोकून वाजवत होते. निर्माते जेमरसनला म्हणत, तारा बदल. त्याने नाही बदलल्या. कामं कमी होत गेली.

मार्च १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा सोहळा पॅसाडीनाला झाला. मायकल जॅक्सनने 'मूनवॉक' केला तोच कार्यक्रम. जेमरसनला बोलावणं नव्हतं. तो तिकीट काढून गेला आणि वर बाल्कनीत बसला. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो गेला. वय सत्तेचाळीस.

नावं न लिहिण्याचे परिणाम माणूस गेल्यावरही संपत नाहीत. लॉस एंजेलिसच्या नामवंत बेसवादक कॅरल के यांनी मोटाउनच्या काही गाजलेल्या गाण्यांवरचा बेस आपला असल्याचं सांगितलं. जेमरसनच्या साथीदारांनी ते ठामपणे नाकारलं. माझं मत जेमरसनच्या बाजूने आहे, कारण ते एक बोट मला ऐकू येतं. पण माझ्या कानाला पुरावा कोण म्हणणार? त्या दिवशी कोणी कागदावर दोन ओळी खरडल्या असत्या तर हा वाद झालाच नसता.

१९८९ साली अॅलन स्लट्स्की यांनी 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हे पुस्तक काढलं. जेमरसनचं चरित्र आणि त्याच्या बेसलाइन्स सुरावटीत उतरवलेल्या. २००२ साली त्याच नावाचा चित्रपट आला. त्याआधी २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने 'साथीदार' असा नवा गट सुरू केला, आणि पहिल्याच यादीत जेमरसनचं नाव होतं.

आणि तो १९६२ सालचा प्रिसिजन? तो जेमरसनच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला. पॉल मॅकार्टनीने बेस वाजवताना ज्यांच्याकडे पाहिलं त्यांत तो जेमरसनचं नाव घेतो. त्याचाही एक बेस, १९६१ सालचा हॉफ्नर, १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेला होता. तो शोधण्यासाठी मोहीम निघाली, वर्तमानपत्रांत आलं, लोकांनी माळे धुंडाळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सापडल्याचं जाहीर झालं. जेमरसनचा प्रिसिजन कुणाच्या तरी घरी पडून असेल, त्याच तारांसकट, आणि घरच्यांना वाटत असेल की जुनी गिटार आहे, दोन तारा कमी असलेली.