पायाचा बायपास आणि आजोबांची झोप

आमचे आजोबा संगमनेरचे. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, आमच्या तोंडी अजून 'नगर'च आहे. संगमनेर विड्यांचं गाव. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, अशा बायका घराघरांत विड्या वळत बसायच्या. त्या वळायच्या आणि आजोबा ओढायचे. दिवसाला दोन बंडलं!

साठी उलटल्यावर शंभर पावलं चाललं की त्यांच्या पोटरीत गोळा यायचा. थांबलं की बरं. पुढे रात्रीसुद्धा पाऊल ठणकायला लागलं. पाय खाटेखाली सोडून ते बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. शेवटी पुण्यात डॉक्टर म्हणाले, "मांडीतली धमनी तुंबलीय. बायपास करू, नाहीतर पाय जाईल."

बायपास म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं. मग ही पायाची भानगड कुठली? या विकांताला वाचत बसलो, तर सगळा इतिहासच अनपेक्षित फायद्यांचा निघाला!

धमनीच्या आतल्या अस्तराला धक्का लागला की रक्त गोठणारच, असा सर्जन मंडळींचा पक्का समज होता. १९४६ साली लिस्बनमधे सिड दोस सांतोस यांनी हेपारिन देऊन धमनीतला अडथळा खरवडून काढला. त्याबरोबर अस्तरही निघालं, तरी रक्त वाहत राहिलं! १९४८ साली जाँ कुनलँ यांनी फ्रान्समधे रुग्णाच्याच पायातली शीर घेऊन तुंबलेल्या भागाला वळसा घातला. हाच तो पायाचा बायपास. हृदयासाठी पायातली शीर वापरायची पद्धत फावालोरोंमुळे रूढ झाली, ती १९६७ नंतर. म्हणजे पाय हा थोरला भाऊ :)

आणि अँजिओप्लास्टी? १९६३ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांची तपासणीची नळी चुकून तुंबलेल्या धमनीतून आरपार गेली आणि वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी हेच मुद्दाम केलं, पाय कापून घ्यायला ठाम नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींवर. पाय वाचला.

आमच्या धंद्यात साइड इफेक्ट म्हणजे रात्रीची झोप उडणार. इथे उलटंच.

आजोबांना तर झोप परत मिळाली. ऑपरेशननंतर ते कित्येक महिन्यांनी आडवे होऊन झोपले. पण खरा फायदा वेगळाच होता. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत रक्तदाब सापडला, हृदयाचं दुखणंही सापडलं. पायाची धमनी तुंबते तेव्हा हृदयाच्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याही बहुतेकदा त्याच वाटेवर असतात. अशा रुग्णांचा जीव पायापेक्षा हार्ट अटॅक आणि पक्षाघातानेच जास्त जातो. बायपासने हा आजार बरा होत नाही, एक वाट तेवढी मोकळी होते. बाकीचं काम गोळ्यांचं, चालण्याचं आणि विडी सोडण्याचं.

"विडी ओढलीत तर नवी वाटही तुंबेल," असं डॉक्टरांनी बजावलं. चाळीस वर्षं आजीचं न ऐकलेल्या माणसाने त्या दिवशी बंडल फेकलं. त्यानंतर अकरा वर्षं जगले. पाय वाचवायला गेलो होतो, आजोबा वाचले.

असो. गावाकडे कुणी "चाललं की पोटरी भरते, वय झालं आता" म्हणालं, तर मान डोलावू नका. डॉक्टरकडे न्या.