पांझरेकाठचा लेपा

देवपूर म्हणजे धुळ्याचा पांझरेपलीकडचा भाग. समुद्र सह्याद्रीच्या पार पलीकडे. आमच्या घरात मासा म्हणजे पांझरेचा नाहीतर तापीचा. भोई बाया टोपलीत घेऊन दारावर यायच्या. समुद्राचं म्हणून जे काही यायचं, ते बाजारातले सुके बोंबील नि सुकट. 1900 साली चाळीसगाव-धुळे रेल्वे सुरू झाली, मुंबईची लाइन जोडली गेली. मुंबई-आग्रा रस्ता तर धुळ्यातूनच जातो. पण ताजी मासळी बर्फाशिवाय इतका पल्ला कशी टिकणार?

माझी आई रत्नागिरीकडची. लग्न होऊन आली नि काळ्या मसाल्याचं कालवण शिकली. माहेरच्या मासळीचं नाव तिनं कधी काढलं नाही. एकदा वडिलांनी बर्फातले दोन लेपे आणले. आजी बघतच राहिली. "हाऊ मासा शे का चप्पल? एकच आंगे दोन्ही डोया!"

आई हसली. म्हणाली, पिल्लू असताना डोळे दोन्ही बाजूंना असतात. मोठं होताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो, मग मासा वाळूत कुशीवर पडून राहतो.

तिनं डोक्यापाशी चीर दिली, बोटांना मीठ लावून काळी कातडी शेपटीकडे सरकन ओढली. हळद, मीठ, तिखट, ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवलं. घरात तांदळाचं पीठ नव्हतं, म्हणून आजीनंच दादरचं पीठ पुढं केलं. तव्यावर शेंगदाण्याचं तेल, मध्यम आच. मासा पातळ, दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटांत खरपूस झाला. उलटायचा एकदाच, नाहीतर तुटतो. कालवण करायचं तर रस्सा उकळल्यावर तुकडे शेवटी सोडायचे; डाव घालायचा नाही, पातेलंच हलवायचं.

मधला काटा अख्खा निघाला. आजीनं भाकरीसोबत दुसरा तुकडा मागून घेतला. आई त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पंगतीत जेवायला बसली.

आता आजी नाही. आमच्या दारावर भोई बाईची हाकही येत नाही. उन्हाळ्यात पांझरेत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. लेपा मात्र बाजारात मिळतो. घराजवळच्या नदीचा मासा दुर्मीळ झाला नि दूरच्या समुद्राचा सोपा. आम्ही तो अजून दादरच्या पिठातच घोळवतो.